थोडी गाडी दुसऱ्या मजल्यावर

मी गंज काढायला सुरुवात केली तेव्हा गाडी होती. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे आमच्या सोसायटीत तिच्या अस्तित्वाबद्दलच शंका घेतली गेली, आणि शंका घेणाऱ्यांत माझी बायको सगळ्यात पुढे होती.

गाडी आईची. आमच्या घरात गाडी चालवायची ती आईनेच. वडील शेजारी बसून काचेबाहेर बघायचे आणि घरी पोचलो की "आज रस्ता बरा होता" म्हणायचे. वडील गेल्यावर आईचा डावा गुडघा कुरकुरायला लागला, गाडी कंपाउंडच्या कोपऱ्यात उभी राहिली ती राहिलीच, आणि तिच्यावर हळूहळू गंज चढला. दारांच्या खालच्या कडा, मडगार्ड, बॉनेट, डिकी, सगळीकडे. मुलं तिला 'डबा' म्हणत. आईच्या कानावर हा शब्द गेला की ती गॅलरीतून एवढ्या जोरात खाकरायची की मुलं पळून जायची.

तर गुडघ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं की ऑपरेशनला पर्याय नाही. नवा गुडघा बसवू, तुम्ही चालाल, जिने चढाल, बागेत फिरायला जाल.

"आणि क्लच?" आईने विचारलं.

डॉक्टर हसले. "आजी, आता कसला क्लच घेऊन बसलात? आता आरामात मागच्या सीटवर बसायचं."

आईला मागच्या सीटवर बस म्हणणारा माणूस मी पहिल्यांदाच बघितला. रात्री घरी जेवताना ती ताटाकडे बघत म्हणाली, "त्या गाडीचा जरा गंज काढून घे. ऑपरेशनच्या आधी एकदा चालवीन म्हणते. दात-ओठ खाऊन दाबीन क्लच. एकदाच."

आई कधी काही मागत नाही. मागितलं तर "जरा" असा शब्द लावून मागते, म्हणजे नाही म्हणणाऱ्याला सोपं जावं. मी घास तसाच हातात धरून म्हणालो, "रविवारी काढतो." आधी बॉडी, मग इंजिन, असा माझा शास्त्रशुद्ध क्रम होता. ऑपरेशनला चांगला महिना-दीड महिना अवकाश होता. त्या वेळी मला वाटलं, पॉलिश पेपरचे चार तुकडे आणि एक तारेचा ब्रश, की झालं. बायको म्हणाली, "अहो, तुम्ही मागच्या वर्षी खिडकीची कडी बसवायला घेतली होती." मी त्या वाक्याकडे दुर्लक्ष केलं. खिडकी अजून दोरीनेच बांधलेली आहे, पण तो विषय वेगळा.

आता माझ्या पात्रतेबद्दल दोन शब्द. मी विमा कंपनीत आहे. लोकांच्या ठोकलेल्या गाड्यांचे फोटो माझ्या टेबलावर येतात आणि 'सदर नुकसान पूर्वीचेच आहे' असा शेरा मारणं हे माझं काम. म्हणजे गंजाशी माझा परिचय जुना आहे, फक्त कागदोपत्री. रविवारी सकाळी बाही वर सारून मी मडगार्डपाशी बसलो आणि घासायला लागलो. भुगा उडाला, लाल पूड पडली, खाली चकचकीत पत्रा दिसू लागला, आणि मला असा काही आनंद झाला म्हणता! नोकरीत इतकी वर्षं घालवली पण हाताखाली काही चकाकलंय असं कधी झालं नव्हतं. मी आणखी जोर लावला. ब्रश आत गेला. आतच गेला. मी तो बाहेर काढला तर मडगार्डला माझ्या मुठीएवढं भोक, आणि त्या भोकातून पलीकडे चहाचा कप घेऊन उभी असलेली बायको दिसली.

"चहा इकडून देऊ का तिकडून येऊ?" ती म्हणाली.

एव्हाना गॅलऱ्या भरल्या होत्या. आमच्या सोसायटीत कुणाचं दुःख असेल तर लोक दार लोटून घेतात, पण कुणी हातात अवजार घेतलं की सगळे धावत येतात. पहिल्या आल्या रसायनशास्त्राच्या बाई. या तळमजल्यावर राहतात, शाळेतून निवृत्त झाल्या आहेत, आणि मला त्यांनी शिकवलेलं असल्यामुळे माझ्या बुद्धीबद्दल त्यांच्या मनात काडीचाही संशय नाही. "अरे, गंज घासतात का कधी?" त्या म्हणाल्या. "गंज विरघळवायचा असतो. व्हिनेगर! सातवीत सांगितलं होतं. तू तेव्हाही खिडकीबाहेरच बघत होतास."

मग आले दुसऱ्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर. यांचा दवाखाना घरातच. ते दारापाशी वाकले, खिशातून टॉर्च काढला, बोटाने पत्र्यावर टकटक केलं आणि म्हणाले, "कीड आतपर्यंत गेलीय. वरवर घासून भागायचं नाही. दुखतं का?" हे ते सवयीने विचारतात. मी मात्र, देवाशपथ, "हो" म्हणालो.

असो. कुणी तरी जाणता माणूस बोलवावा म्हणून मी डेंटिंग-पेंटिंगवाल्याला आणलं. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली, ठिकठिकाणी नखाने टोकरलं आणि मला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाला, "साहेब, नातेवाइकांना बोलवून घ्या." माझं तोंड पडलेलं बघून त्याला दया आली असावी. "बघू, प्रयत्न करू. दारं, बॉनेट, डिकी, मडगार्ड सगळं सुटं करून, गंज काढून ठेवा. मी परवा येऊन जोडतो आणि रंग मारतो." परवा हा दिवस अजून उगवायचा आहे.

सुटं करणं सोपं गेलं. हे मी अभिमानाने सांगत नाही, बरेचसे बोल्ट हात लावताच सुटले. संध्याकाळपर्यंत सगळे भाग भिंतीला टेकून उभे राहिले आणि वाद पेटला. बाई म्हणाल्या व्हिनेगर, डॉक्टर म्हणाले माझं पॉलिशचं मशीन, कुणी म्हणालं लिंबू आणि मीठ, कुणी म्हणालं वाळू. मी मध्यममार्गी माणूस. कुणाचं मन मोडायला नको म्हणून बोलून गेलो, "असं करा, प्रत्येकाने एकेक भाग घ्या आणि आपापल्या पद्धतीने करून दाखवा. ज्याचा चांगला निघेल त्याची पद्धत बाकीच्यांना लावू."

आयुष्यात माझ्या तोंडून निघालेलं एकही वाक्य लोकांनी इतक्या तातडीने अमलात आणलेलं नाही. बाईंनी बॉनेट उचलायला दोन माणसं पकडली आणि ते थेट न्हाणीघरात नेलं. डॉक्टर चालकाच्या बाजूचं दार खांद्यावर घेऊन जिना चढले. बाकीची दारं कुणी कुणी नेली ते मला नीट दिसलंही नाही. मी वळून बघतो तर कोपऱ्यात चार चाकं, एक सांगाडा, स्टिअरिंग आणि कुणीच न नेलेली डिकी.

"लोकांच्या लेकी नांदतात," बायको म्हणाली, "आपल्या गाडीची दारं चार घरांत नांदताहेत."

आई मात्र खूश होती. गॅलरीतून विचारायची, "बॉनेट कसं आहे?" आणि तळमजल्यावरून उत्तर यायचं, "भिजतंय!" गुडघ्याला शेक घेता घेता ती मला एकेका भागाचा इतिहास सांगायची. बोलताना तिचा डावा पाय पांघरुणाखाली हळूच खाली दाबला जायचा आणि ती डोळे घट्ट मिटायची. ती क्लच दाबून बघत होती. रोज जरा कमी दाबला जात होता, आणि ते तिला कळत होतं, आणि मला कळतंय हेही तिला कळत होतं.

इतक्यात सोसायटीचे सचिव जागे झाले. सचिव सरकारी खात्यातून निवृत्त झालेत, पण खातं त्यांच्यातून निवृत्त झालेलं नाही. ते बोलतातच टिपणीसारखं. "सदर वाहन हे वाहन या व्याख्येत बसते किंवा कसे, याचा निर्णय समिती रविवारी प्रत्यक्ष पाहणी करून घेईल," ते म्हणाले. "वाहन चाकांवर हालचाल करून फाटकाबाहेर गेले पाहिजे. न गेल्यास ते भंगार समजून उचलण्यात येईल. तशी नोटीस मी वाहनाच्या चालकाच्या बाजूच्या दारावर चिकटवत आहे." एवढं बोलून ते डिंक घेऊन वळले आणि थबकले. "दार कुठे आहे?"

"दुसऱ्या मजल्यावर," मी म्हणालो.

दुसरा कुणी असता तर नोटीस टपावर चिकटवून मोकळा झाला असता. पण नियम म्हणजे नियम. सचिव जिना चढून गेले. दवाखान्यात गर्दी होती, त्यामुळे ते नोटीस मांडीवर घेऊन रांगेत बसले. नंबर आल्यावर आत गेले तर डॉक्टरांनी नेहमीप्रमाणे खुर्ची मागे केली आणि "आ करा" म्हणाले, आणि सरकारी नोकरीत जन्म गेलेल्या माणसाने वरून आलेला आदेश पाळला. बऱ्याच वेळाने सचिव बाहेर आले तेव्हा नोटीस दाराला लागली होती आणि त्यांच्या एका दाढेला मसाला. दोन दिवसांनी ते मला जिन्यात भेटले, पाठीवर आमची डिकी घेऊन वर चाललेले. "तपासणीसाठी ताब्यात घेत आहे," ते भिंतीकडे बघत म्हणाले. त्यानंतर त्यांच्या घरातून रोज घासलेटचा वास आणि घासण्याचा आवाज येऊ लागला.

इथवर सगळं बरं चाललं होतं असं म्हणायला हरकत नाही. मग एका सकाळी तळमजल्यावरून किंकाळी आली. बाईंनी बॉनेट व्हिनेगरमधून काढून आरशासारखं लख्ख केलं होतं, आदल्या संध्याकाळी साऱ्या इमारतीला बोलावून दाखवलं होतं, मग स्वच्छतेची आवड म्हणून भरपूर पाण्याने धुऊन तसंच ओलं भिंतीला टेकवून झोपायला गेल्या होत्या. सकाळी बघतात तर बॉनेट या टोकापासून त्या टोकापर्यंत नारिंगी. उघडा पत्रा, वर पाणी, दुसरं काय होणार? सातवीतच आहे ते. बाई पाटावर बसून राहिल्या होत्या. "इतकी वर्षं मी हे फळ्यावर लिहिलं रे," त्या म्हणाल्या. मला हसू येत होतं, पण त्यांचे डोळे बघून मी निमूटपणे फडकं घेतलं आणि त्यांच्याबरोबर पुन्हा घासायला बसलो. त्या दिवशी मी ऑफिसला उशिरा गेलो आणि साहेबांना कारण सांगितलं, बॉनेट. साहेबांनी पुढे विचारलं नाही.

दाराची कथा आणखी निराळी. डॉक्टरांनी दोन पेशंटांच्या मधल्या वेळात मशीनने एकेक टीचभर जागा अशी काही साफ केली होती की पत्र्यात तोंड बघावं. पण खालच्या कडेला भोकं होती, आणि भोक दिसलं की डॉक्टरांचा हात थांबत नाही. त्यांनी ती सगळी दातात भरतात त्या मसाल्याने भरली. लख्ख दाराच्या तळाशी शुभ्र पांढरी बत्तीशी. "थंड-गरम काही लागणार नाही आता," ते समाधानाने म्हणाले.

आणि मग दवाखान्यातून फोन आला. दातांच्या नव्हे, गुडघ्याच्या. मोठे डॉक्टर परगावी जाणार आहेत, ऑपरेशन ठरल्यापेक्षा लवकर, याच सोमवारी. रविवारी रात्री दाखल व्हा.

आई फोन ठेवून म्हणाली, "बरं झालं. एकदाचं सुटतं." मग उठून आत गेली. तिला दारापर्यंत जाताना भिंत धरावी लागली. त्या आठवड्यात गुडघा एवढा सुजला होता की पाय वाकतच नव्हता. मी मागोमाग गेलो तर ती कपाट आवरत होती. "राहू दे रे ती गाडी," ती पाठमोरीच म्हणाली. "क्लच काही आता दाबला जायचा नाही. तू केलंस ना तेवढं, पुष्कळ झालं."

मला फार वाईट वाटलं. खरं सांगायचं तर रडूच आलं. इतके दिवस मी घासत होतो, भाग वाटत होतो, नोटिसा घेत होतो, आणि या सगळ्या गडबडीत ज्याच्यासाठी केलं तेच हातातून निसटलं होतं. बायको स्वयंपाकघरातून सगळं ऐकत होती. तिने चप्पल घातली आणि ती खाली गेली. अर्ध्या तासात इमारतभर दारं उघडल्याचे आवाज आले.

रविवारी सकाळी गाडीचे भाग घरोघरून उतरले. बॉनेट तांबूस, दुसऱ्यांदा धुतलेलं आणि या वेळी पुसलेलं. डॉक्टरांचं दार, वर नोटीस, खाली बत्तीशी. लिंबाचं दार करडं, वाळूचं दार ओरखड्यांनी भरलेलं. सगळ्यात शेवटी सचिव डिकी घेऊन आले, आणि काय सांगू, असा चकचकीत पत्रा मी जन्मात पाहिला नाही. "तपासणी पूर्ण," ते पुटपुटले. आमच्याच हातांनी सगळं जोडून झालं तेव्हा मी दोन पावलं मागे सरून गाडी बघितली. एकही भाग दुसऱ्याशी बोलत नव्हता. मी हवा भरली, चावी फिरवली. काहीच झालं नाही. पुन्हा फिरवली. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की आधी बॉडी, मग इंजिन या क्रमातलं 'मग' आलंच नव्हतं.

"वाहन चालत नाही," सचिव म्हणाले. पण हे त्यांनी इतक्या दुःखाने म्हटलं की कुणी रागावलं नाही.

आई खुर्ची टाकून बसली होती. ती काठी टेकत उठली, गाडीपाशी आली, आणि तिने डॉक्टरांचं दार उघडलं. "इंजिन चालत नाही ना? मग क्लच कशाला लागतो?" ती म्हणाली. "क्लच नाही तर माझ्या गुडघ्याचं काय काम? हात आहेत की धड. ढकला."

"आई, अगं ब्रेक..."

"पायाचा लागत नाही, हँडब्रेक लागतो. सकाळीच बघितलंय मी. तुम्ही सगळे पत्रा बघत होतात."

आमची गल्ली फाटकापासून उताराची आहे आणि पुढे बागेच्या भिंतीशी बंद होते, त्यामुळे वर्दळ नाही. मुलांना फूटपाथवर चढवलं. आम्ही मागे लागलो, मी, डॉक्टर, बाई, आणि सचिव, त्यांनी डिकीवर आपल्या तळव्यांचे डाग पडू नयेत म्हणून रुमाल धरला होता. गाडी करकरली, हलली, फाटकाबाहेर गेली, आणि मग एकदम हातातून सुटली. आमच्या हातात काही उरलंच नाही. "आई!" म्हणून मी धावलो. बायको धावली. सचिव शिट्टी वाजवत धावले. पण आई पुढे निघून गेली होती, एका हाताने स्टिअरिंग, दुसरा हात खिडकीबाहेर काढून वळण्याचा इशारा करत, ज्याची त्या रिकाम्या गल्लीत कुणालाही गरज नव्हती. खड्डा आला तो तिने चुकवला. भिंतीच्या अलीकडे गाडी डौलात वळवून, कडेला लावून, थांबवली.

मी पोचलो तेव्हा मला धाप लागली होती. आई समोर बघत बसली होती. डावा पाय सरळ पुढे पसरलेला, त्याला काहीही करायचं नव्हतं. गाल लाल झाले होते.

"अजून एकदा," ती म्हणाली.

मागून सगळे आले. गाडीचं तोंड फिरवलं आणि चढावर ढकलायला लागले. सचिवांनी रुमाल खिशात ठेवला आणि खांदाच लावला. मीही मागे जायला निघालो तर आईने खिडकीतून माझी बाही धरली.

"तू बस. ते ढकलतील."

मी पन्नाशीचा माणूस, सगळ्यांच्या देखत, निमूटपणे शेजारी जाऊन बसलो. गाडी पुन्हा फाटकापाशी आली, पुन्हा उताराकडे तोंड करून उभी राहिली. मागे बाईंचा श्वास ऐकू येत होता आणि डॉक्टर कुणाला तरी "जोर लावू नका, आता लागत नाही" सांगत होते. आईने हँडब्रेक धरून ठेवला होता, सोडत नव्हती. मला वाटलं दमली.

"उद्या भूल देतील तेव्हा," ती समोरच बघत म्हणाली, "तू तिथे बाहेरच थांबशील ना? ऑफिसला जाशील तर जा, पण नाही गेलास तर बरं. मला भीती वाटते रे." या वेळी तिने "जरा" म्हटलं नाही.

"नाही जाणार," मी म्हणालो. "दाराशी बसून राहतो."

"बरं," आई म्हणाली, आणि तिने हँडब्रेक सोडला.